नवीन ५० एमएमचे सगळे फोटो ब्लर येतायत: ४२ फोटोंचं एक प्रकरण

आमचा हौशी फोटोग्राफर लोकांचा एक छोटा ग्रुप आहे, वीसेक जण, कुणी नोकरी करणारं, कुणी रिटायर झालेलं, दोन-तीन कॉलेजातली पोरं. आठवडाभरात काढलेले फोटो एकमेकांना दाखवायचे, कॅमेऱ्यात काही अडलं तर विचारायचं, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटायचं. त्यात घडलेलं हे एक प्रकरण नीट लिहून ठेवतोय, कारण पहिली प्राइम लेन्स (झूम न होणारी) घेतलेला जवळजवळ प्रत्येकजण याच खड्ड्यात पडतो आणि त्याला मिळणारं उत्तर बऱ्याचदा चुकीचं असतं, आमचंही आधी चुकलंच होतं. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना विचारूनच लिहितोय, नाव घालत नाही, नुसतं ताई म्हणतो.

ताईंकडे एंट्री लेव्हलचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आहे, २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर (फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान), सोबत आलेली १८-५५ किट लेन्स. दोनेक वर्षं त्यांनी त्यावरच काढले, बहुतेक वेळा ऑटो मोडवर, आणि छान काढले. मग सगळ्यांनी सुचवलं म्हणून ५० एमएम एफ १.८ घेतली (एफ म्हणजे लेन्सचं तोंड, अ‍ॅपर्चर, किती उघडतं तो आकडा, जितका लहान तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त). तीन आठवड्यांनी मेसेज आला, "दादा, ही लेन्स परत करायची म्हणते. एक फोटो धड शार्प येत नाहीये. किट लेन्सच बरी होती." सोबत चार फोटो, दोन त्यांच्या वडिलांचे खिडकीपाशी पेपर वाचताना आणि दोन त्यांच्या लहान मुलीचे, संध्याकाळी घरात खेळताना.

दहा मिनिटांत उत्तरं सुरू झाली. एक म्हणाला लेन्सला बॅक फोकस आहे (फोकस कायम मागं पडतो), लगेच बदलून घ्या. दुसरा म्हणाला एफ १.८ वर ही लेन्स अशीच सॉफ्ट असते, एफ ४ वरच वापरा. तिसऱ्याचं म्हणणं, तुम्ही मधल्या पॉइंटनं (फोकस कुठं करायचा ते दाखवणारा चौकोन) फोकस लॉक करून मग फ्रेम हलवता ना, त्यानं होतं. एकानं थेट बॉडी, म्हणजे कॅमेराच, बदला म्हणून सांगितलं. आणि मी, इतकी वर्षं कॅमेरा हातात असून, फोटो मोबाईलवर अंगठ्याएवढा बघून लिहिलं, "शटर स्पीड वाढवा." फोटो चार, कारणं पाच, आणि मूळ फाईल एकानंही मागितली नव्हती.

ताई त्यावर काहीच बोलल्या नाहीत, दोन दिवस. मला ते लागलं. माणूस आपल्या वडिलांचा फोटो घेऊन येतो आणि आपण त्याला दुकानात पाठवतो, हे काही बरोबर नाही. मग मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, "ताई, लेन्स अजून परत करू नका. या तीन आठवड्यांतले जमतील तेवढे सगळे फोटो पाठवा, चांगले-वाईट निवडू नका, आणि मूळ फाईली पाठवा."

मूळ फाईल का, ते सांगतो. मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, दाबला जातो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यातला एक्झिफ निघून जातो. एक्झिफ म्हणजे फोटोच्या पोटात कॅमेऱ्यानं लिहून ठेवलेली नोंद, शटर किती (सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), अ‍ॅपर्चर किती, आयएसओ किती (आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून घेतो तो आकडा), फोकल लेंथ किती (लेन्सचा एमएमचा आकडा), वेळ काय. १९९५ मध्ये जपानमध्ये हे स्टँडर्ड ठरलं आणि तेव्हापासून डिजिटल कॅमेरे ही नोंद बिनबोभाट करत आलेत, आपणच ती वाचत नाही. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक दिली तर नोंद शाबूत राहते. (एक मात्र सांभाळा, मोबाईलनं काढलेल्या फोटोत बहुतेक वेळा जागेचा पत्ताही असतो, घरातल्या लहान मुलांचे फोटो मूळ फाईलमध्ये सगळ्या ग्रुपला टाकू नका. ताईंनीही लिंक आम्हा तिघांनाच दिली होती.)

आले ४२ फोटो.

आम्ही तिघं एका रविवारी लॅपटॉप घेऊन बसलो आणि आधी एक ठरवलं, की "हा ब्लर आहे" असं म्हणायचंच नाही. ब्लर हा शब्द म्हणजे नुसतं "बरं वाटत नाहीये" म्हणण्यासारखा आहे, त्यावर औषध देता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक फोटो १०० टक्के झूम करून एकच प्रश्न विचारायचा: या फोटोत कुठंतरी काहीतरी शार्प आहे का, आणि असेल तर कुठं? नाक आहे का, कान आहे का, मागची भिंत आहे का, पेपरची कड आहे का. तिथून ढीग पडायला लागले.

मुलीचे संध्याकाळचे १७ फोटो. त्यातल्या ११ मध्ये मागचं कपाट, खालची फरशी, तिच्या पायाशी पडलेला चेंडू हे बऱ्यापैकी ठीक आणि मुलगीच फरफटलेली, विशेषतः हात. म्हणजे ती हलली. उरलेल्या ६ मध्ये कपाटसुद्धा हललेलं, कपाटाच्या हँडलवर चमकणारा ठिपका लांब होऊन रेघ झालेला आणि फ्रेममधल्या बाकीच्या ठिपक्यांच्याही त्याच दिशेला रेघा. म्हणजे कॅमेरा हलला. हे चमकणारे ठिपके फार कामाचे असतात, फोटोत कुठं बल्बचं प्रतिबिंब, डोळ्यातला प्रकाशाचा थेंब असं काही असेल तर ते आधी बघा. ठिपका गोल पसरट झाला असेल तर फोकस चुकलाय आणि रेघ झाली असेल तर काहीतरी हललंय, यात सहसा फसायला होत नाही.

वडिलांचे दिवसाचे फोटो २२. त्यातल्या ७ मध्ये पेपरची वरची कड किंवा बोटं अगदी कुरकुरीत शार्प आणि चेहरा लोण्यासारखा मऊ. ९ मध्ये उलटं, कान आणि शर्टाची मागची कॉलर शार्प, डोळे मऊ. आणि ६ फोटो चक्क चांगले होते! डोळ्याच्या पापण्या मोजता येत होत्या. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "हो का? मी तर व्ह्यूफाइंडरमधून बघतानाच सगळं धुरकट दिसतं म्हणून समजले की गेला." व्ह्यूफाइंडर म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, तिच्याशेजारचं डायॉप्टरचं छोटं चाक कधीतरी बॅगेत फिरलं होतं. त्याचा फोटोवर काहीच परिणाम होत नाही, फक्त आपल्या डोळ्याला चित्र अस्पष्ट दिसतं, आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत चाक फिरवलं की झालं. पण त्यामुळे लेन्सबद्दलचा संशय पहिल्या दिवसापासून मनात बसला होता.

राहिले ३. त्यात खिडकी मागं होती, काहीच फरफटलेलं नाही, पण सगळा फोटो दुधात बुडवल्यासारखा पांढुरका. लेन्सवर लावलेल्या फिल्टरवर बोटाचा ठसा होता, समोरून उजेड आला की तो सगळ्या फ्रेमभर पसरायचा. पुसला, विषय संपला.

आता एक्झिफ. संध्याकाळचे सगळे फोटो एफ १.८, आयएसओ ४००, शटर १/४० च्या आसपास. खिडकीपाशचे एफ १.८, आयएसओ ४००, १/३२० च्या आसपास. इथं मी जरा थांबलो, कारण "शटर स्पीड वाढवा" हा माझा सल्ला वडिलांच्या फोटोंना अजिबात लागू नव्हता. १/३२० ला खुर्चीत बसून पेपर वाचणारा माणूस हलून ब्लर होत नाही. तक्रार एक होती पण दुखणी दोन होती, मुलीच्या फोटोंना वेगळं आणि वडिलांच्या फोटोंना वेगळं, आणि आम्ही पाचही जण दोघांना मिळून एकच गोळी देत होतो.

मुलीच्या फोटोंचं सोपं होतं. आयएसओ ४०० सगळीकडे का, विचारलं तर ताई म्हणाल्या, "जास्त आयएसओनं दाणे येतात असं वाचलं होतं, म्हणून ४०० च्या वर जायचंच नाही असं ठरवलं होतं." अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आयएसओ असा बांधून ठेवला की अंधार पडेल तसा कॅमेरा शटर हळू करत जातो, त्याच्याकडे दुसरा मार्गच उरत नाही. घरातल्या साध्या दिव्यात एफ १.८ आणि ४०० ला १/४० येतं. तेच ८०० ला १/८०, १६०० ला १/१६० आणि ३२०० ला १/३२०. आता खेळणाऱ्या पोरीचा हात सेकंदाला एक मीटर या वेगानं हलतोय असं धरा, ते काही फार नाही, तर १/४० सेकंदात तो अडीच सेंटिमीटर सरकतो आणि १/३२० मध्ये तीन मिलिमीटर. अडीच सेंटिमीटरची फरफट कुठलीही लेन्स लपवू शकत नाही, कितीही महाग आणा.

कॅमेरा हलण्याचंही तसंच. फिल्मच्या काळापासूनचा अंदाज आहे, शटर निदान फोकल लेंथच्या उलट असावं, ५० एमएमला १/५०. पण एपीएस-सी सेन्सरवर चित्र दीडपट जवळ येतं, तर थरथरही दीडपट दिसते, म्हणून १/८० धरायचं. १/४० म्हणजे त्याच्या निम्म्यावर. आणि ताईंच्या किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढायची सोय) होतं, या ५० मध्ये नाही. म्हणून "किट लेन्सनं असं होत नव्हतं" हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, फक्त त्यामागचं कारण लेन्स खराब असणं हे नव्हतं. ऑटो मोडमध्ये कॅमेरा आयएसओ स्वतः वर न्यायचा, गरज पडली तर फ्लॅश उघडायचा, लेन्स थरथर सांभाळायची. ताईंनी शिकायचं म्हणून ऑटो सोडला आणि ही तिन्ही कामं एका दिवसात त्यांच्या अंगावर आली, आणि ती कामं आता आपली आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही.

दाण्यांबद्दल एवढंच, की दाणे असलेला पण शार्प फोटो प्रिंट केला तर हातभर अंतरावरून दाणे दिसतही नाहीत, आणि फरफटलेला चेहरा मात्र लहान प्रिंटमध्येसुद्धा फरफटलेलाच राहतो. शिवाय कमी आयएसओवर काळपट आलेला फोटो नंतर उजळवला की सावल्यांमध्ये दाणे तसेही वर येतातच. तेव्हा ४०० ची शपथ सोडा असं मी त्यांना अगदी हात जोडून सांगितलं.

खरी गोम वडिलांच्या १६ फोटोंत होती.

आधी आकडा बघू, म्हणजे पुढचं कळेल. ५० एमएम, एफ १.८, एपीएस-सी, समोरचा माणूस दीड मीटरवर, तर शार्प दिसणारा पट्टा साधारण ६ सेंटिमीटर जाड असतो. ३ पुढं, ३ मागं. डोळ्यापासून कान त्याहून लांब असतो. किट लेन्सवर ५५ एमएमला तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं, तिथं हाच पट्टा १६ सेंटिमीटरच्या आसपास, अख्खं डोकं मावतं. म्हणजे किट लेन्सवरही ताईंचा फोकस दोन-तीन सेंटिमीटर चुकतच असणार, फक्त ती चूक पट्ट्यात लपत होती. नवीन लेन्सनं ती उघडी पाडली.

पण चूक होती कुठली? संशयित तीन: लेन्सचा बॅक फोकस, फोकस करून फ्रेम हलवणं, आणि कॅमेऱ्यानं भलतीच जागा निवडणं. आम्ही ठरवलं की एकेकाला वेगळं तपासायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

लेन्सची परीक्षा अशी घेतली. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना उजेड आरशातून वळून खाली बसवलेल्या एका वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) कॅमेरा मुख्य सेन्सरवर पडलेलं चित्र बघूनच फोकस करतो. दोन वाटांमध्ये फरक पडला तर व्ह्यूफाइंडरचा फोकस कायम पुढं किंवा कायम मागं पडतो, त्यालाच फ्रंट फोकस, बॅक फोकस म्हणतात. मग टेबलावर एक खोकं उभं ठेवलं, त्यावर ठळक अक्षरांचं लेबल, आणि शेजारी एक फूटपट्टी तिरकी, तिचा मधला आकडा बरोबर खोक्याच्या रेषेत. (नुसत्या तिरक्या पट्टीवर फोकस करू नका, व्ह्यूफाइंडरमधला चौकोन दिसतो त्यापेक्षा खरा फोकस सेन्सर मोठा असतो, तो पट्टीचा भलताच आकडा पकडतो आणि चांगली लेन्स गुन्हेगार ठरते.) कॅमेरा ट्रायपॉडवर, अंतर दीड मीटर, एफ १.८, दोन सेकंदांचा टायमर. दहा फोटो व्ह्यूफाइंडरनं, दहा लाइव्ह व्ह्यूनं, आणि प्रत्येक फोटोआधी फोकसची रिंग मुद्दाम पार फिरवून टाकायची, म्हणजे कॅमेऱ्याला दरवेळी नव्यानं शोधावं लागेल.

लाइव्ह व्ह्यूचे दहाही खोक्यावर बरोबर. व्ह्यूफाइंडरचे खोक्यावर किंवा फार तर सेंटिमीटरभर मागं. ३ सेंटिमीटरच्या सवलतीत १ सेंटिमीटर. काही वरच्या दर्जाच्या बॉडीत मेन्यूमधून एवढा फरक भरूनही काढता येतो, ताईंच्या बॉडीत ती सोय नाही, पण त्याची गरजही नव्हती. लेन्स सुटली.

मग फ्रेम हलवणं. हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की तो खराच असणार असं मलाही वाटत होतं. कागदावर मांडलं. मधल्या पॉइंटनं डोळ्यावर लॉक करून कॅमेरा फिरवला की फोकसचं प्रतल, म्हणजे तो शार्प पट्टा, थोडं मागं जातं, किती, ते फिरवलेल्या कोनावर अवलंबून. दीड मीटरवर १५ अंश फिरवलं तर ५ सेंटिमीटर चूक, म्हणजे फोटो गेला. पण ५० एमएमला उभ्या फ्रेममध्ये डोळा मधून वरच्या एक तृतीयांश रेषेवर न्यायला किती फिरवावं लागतं? साडेचार-पाच अंश. त्यानं चूक होते ५ मिलिमीटर. अर्धा सेंटिमीटर! रुंद लेन्सवर कोन मोठा होतो तेव्हा ही काळजी करा, पण इथं नाही. आमच्यातल्या एका काकांना हे पटेना, त्यांनी ट्रायपॉडवर स्वतः करून बघितलं आणि मग शांतपणे म्हणाले, "मी दहा वर्षं लोकांना हे सांगतोय."

मग ते ९ कान-शार्प फोटो आले कुठून?

भेटीच्या दिवशी काकांनाच खुर्चीत बसवलं, हातात पेपर दिला, आणि ताईंना म्हटलं घरी काढता तसेच काढा, आमच्याकडे लक्ष देऊ नका. कॉलेजातल्या एका पोरानं बाजूनं मोबाईलवर व्हिडिओ घेतला, ताईंच्या मागच्या भिंतीवर मेजरिंग टेप आडवी चिकटवली होती. व्हिडिओ हळू करून बघितला आणि तिथं सगळं दिसलं. हाफ प्रेस (बटण अर्धं दाबलं), बीप. फोकस लॉक. मग ताई वाट बघतायत, काका मान वर करतील, चेहऱ्यावर काहीतरी येईल. दोन सेकंद, तीन सेकंद. त्या वाट बघण्यात त्यांचे गुडघे किंचित वाकतात, खांदे पुढं येतात, आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीकडे माणूस झुकतो तसंच. टेपवर लेन्सची कड साडेतीन सेंटिमीटर पुढं गेली. मग क्लिक.

फोकस लॉक आहे म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर लॉक आहे. कॅमेरा साडेतीन सेंटिमीटर पुढं आला की शार्प पट्टाही तेवढाच पुढं ढकलला जातो, डोळ्यामागं, कानाकडे. नऊच्या नऊ फोटोंचं उत्तर त्या एका व्हिडिओत होतं. ताई स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हलतेय हे मला कळतसुद्धा नाही हो."

कळत नाहीच. कुणालाच कळत नाही, मी माझाही व्हिडिओ काढून घेतला, मी मागं जातो. १९८५ मध्ये मिनोल्टाचा मॅक्झम ७००० आला आणि हळूहळू फोकस करणं हे मोटरचं काम झालं, फार सोयीचं झालं, पण त्याआधी रिंग फिरवून फोकस करणाऱ्या माणसाला आत्ता फोकस नेमका कुठं आहे हे बोटांना कळायचं, आपल्याला फक्त बीप ऐकू येतो आणि बीप म्हणजे काम झालं असं आपण समजतो.

उरलेले ७ पेपर-शार्प. ते कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले, त्यात फोटो काढताना कुठला फोकस पॉइंट चालू होता ते दिसतं. सातही फोटोंत पॉइंट पेपरच्या कडेवर. ताई कधी मधला एकच पॉइंट वापरायच्या तर कधी सगळे पॉइंट ऑटोवर राहून जायचे, आणि ऑटोवर कॅमेरा सहसा सगळ्यात जवळची ठळक गोष्ट धरतो. वडिलांच्या चेहऱ्याच्या फूटभर पुढं काळ्या अक्षरांचा पांढरा कागद, त्याला आणखी काय पाहिजे. (त्या सॉफ्टवेअरमध्ये एक फसगत आहे, फ्रेम हलवली असेल तर चौकोन रिकाम्या भिंतीवर दिसतो आणि वाटतं कॅमेऱ्यानं भिंतीवर फोकस केला. चौकोन फ्रेममधली जागा दाखवतो, लॉक करताना तिथं काय होतं ते नाही.)

उपाय एकदम सगळे द्यायचे नाहीत असं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात दोनच. एक, फोकस पॉइंट एकच, मधला. दोन, कंटिन्युअस फोकस, कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीमध्ये एएफ-सी. यात बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फोकस करतच राहतो, म्हणजे ताई पुढं झुकल्या तरी तो त्यांच्याबरोबर येतो. याची अट अशी की पॉइंट डोळ्यावरच राहायला हवा, फ्रेम हलवली की तो मागच्या भिंतीच्या मागं लागतो. मग डोळा कडेच्या पॉइंटखाली ठेवायचा का? आमच्यातल्या दोघांचं हेच मत होतं. मला पटलं नाही. अशा बॉडीत बहुतेक वेळा मधलाच पॉइंट क्रॉस टाइप असतो, आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, आणि कडेचे कमी उजेडात चाचपडत बसतात. म्हणून आम्ही साधा रस्ता घेतला: डोळा मधोमध ठेवा, थोडं मोकळं काढा, नंतर क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलमधून कडेचा तिसरा हिस्सा कापला तरी १६ उरतात, भिंतीवर लावायच्या प्रिंटला ते भरपूर झाले. शिकवणीच्या दृष्टीनं हे फार सुंदर नाही, फ्रेम कॅमेऱ्यातच लावावी हे मलाही मान्य आहे, पण आधी डोळे शार्प येऊ देत, माणसाला पुढचं शिकायची उमेद त्यातूनच येते.

दुसऱ्या आठवड्यात खिडकीपाशी एफ २.८. पट्टा ६ वरून साडेनऊ सेंटिमीटर. त्यानं शटर १/१२५ च्या आसपास येतं, म्हणून आयएसओ ८०० करून १/२५०. संध्याकाळी मुलीसाठी एफ १.८ च, पण आयएसओ ३२०० आणि शटर १/३२०. एवढंच त्यांनी एका कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात तीच खुर्ची, तीच खिडकी, तेच बाबा. ताईंनी सांगितलं, की बाबा विचारत होते, "अगं, अजून किती वेळ बसू? पेपर संपला माझा." २४ फोटो काढले, यावेळी ढीग त्यांनी स्वतःच लावले आणि आम्हाला फक्त आकडे कळवले. डोळे शार्प १७, कान शार्प २, पेपर शार्प एकही नाही, आणि ५ मध्ये बाबांनी ऐन वेळी मान फिरवली. त्या सतरातला एक फोटो आहे, बाबा चष्म्यावरून लेकीकडे बघतायत, भुवईतला एक पांढरा केस वेगळा उठून दिसतो आणि डोळ्यात खिडकीचा चौकोन. तीच लेन्स, जी परत जाणार होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या ४२ मधल्या त्या ११ फरफटलेल्या फोटोंत एक होता, मुलगी स्वतःभोवती गिरकी घेतेय, १/४० ला फ्रॉकचा घेर पूर्ण पसरलेला, हात नुसते पांढरे पट्टे, आणि चेहरा नेमका त्या क्षणी कॅमेऱ्याकडे आल्यामुळे जवळजवळ स्पष्ट. ताईंनी तो डिलीट करायच्या यादीत टाकला होता. मी नको म्हटलं, आणि यावर ग्रुपमध्ये बरीच चर्चा झाली, एकाचं म्हणणं होतं की चुकून आलेल्या फोटोचं कौतुक केलं तर शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. मला ते मान्य नाही. युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉबर्ट कापानं ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काढलेले फोटो हललेले, अस्पष्ट आहेत आणि आजही जग ते बघतं. हलणं हा दोष कधी आणि बोली कधी, हे कळायला आधी आपलं काय हललं हे ओळखता यायला हवं, आणि ते आता ताईंना येतंय. त्यांनी नंतर मुद्दाम १/३० ठेवून, टेबलाला कोपर टेकवून, गिरक्यांचे साठेक फोटो काढले. त्यातले दोन फार छान आलेत.

एक दुखणं अजून बाकी आहे. संध्याकाळच्या उजेडात कंटिन्युअस फोकस मुलीच्या मागं धावताना मधेच मागच्या कपाटावर उडी मारतो आणि परत यायला वेळ लावतो. ताईंना वाटतं पॉइंट चेहऱ्यावरून घसरतोय, मला वाटतं उजेडच कमी पडतोय. पुढच्या भेटीत दिवा वाढवून एकदा आणि मुलीला एका जागी उभं करून एकदा, असं वेगवेगळं करून बघणार आहोत. मेजरिंग टेप आणायची जबाबदारी काकांनी घेतलीये.